मागच्या सीटवरचा टिंग

सोमवार, ३ नोव्हेंबर

गाडी आली! नवीकोरी! सगळ्यात खालचं मॉडेल आहे, मागच्या काचा हँडल फिरवून खाली कराव्या लागतात, पण म्हणून काय झालं? सीटवरचं प्लॅस्टिक मी स्वतःच्या हाताने फाडलं. मिरचीला फाडायचं होतं. नऊ वर्षांच्या स्वतःच्या पोरीशी भांडले आणि जिंकले. जरासुद्धा लाज वाटली नाही.

शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या पहिलं काम — गाणं लावलं. दुसरं कुठलं लावणार? बाबांचं गाणं! बाबा माझ्या शेजारी, मिरची आणि तिचा बाप मागे. आवाज वाढवला आणि... अरे देवा. बाई जणू कपाटात बसून गातायत आणि कपाटाला कुणीतरी बाहेरून कडी लावलीय. व्हायोलिनं म्हणजे दूर कुठेतरी केर काढणं चाललंय असं वाटावं. आणि टिंगचं तर नावच नको.

"छान आहे की," बाबा म्हणाले.

छान? डोंबल!

त्यात बाबांनी पट्टा लावला नव्हता. गाडी टीं टीं टीं करून नुसती कोकलत होती आणि हे आपले शांतपणे खिडकीबाहेर बघत बसलेले. चार वेळा सांगितलं तेव्हा लावला. महाहट्टी माणूस.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मिरचीने आज टिंगची गोष्ट मागितली. आधी आजोबांकडे गेली होती. त्यांनी "आईला विचार" म्हणून परत पाठवली. म्हणजे बघा! ज्या माणसाने ही गोष्ट दूधवाल्यापासून दाढीवाल्या डॉक्टरपर्यंत कुणाला सांगायची सोडली नाही, तो म्हणतो आईला विचार. मग मी सांगितली. आणि सांगता सांगता मलाच इतकी आवडली की इथेही लिहून ठेवते.

बाबा तेव्हा एका रेकॉर्डिंग स्टुडिओत सुतार होते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लाकडी फळ्या असतात, त्यातली एक सुटली होती, ती बसवायला बोलावलं होतं. आत गाण्याची तालीम चाललेली. वादक सगळे हजर, फक्त ट्रँगल वाजवणारा गायब — पोट बिघडलं म्हणे. संगीतकार डोक्याला हात लावून बसलेले. आणि कोपऱ्यात आमचे बाबा, पटाशीच्या मुठीवर बोटाने ताल धरून उभे. संगीतकारांनी ते बोट पाहिलं.

"ए सुतार, इकडे ये."

हातात ती तिकोनी सळई दिली. "कडव्यातली ओळ संपली, बाईंनी श्वास घेतला, की एक. जोरात नाही हां. थेंब पडल्यासारखा." दोनदा तालीम आणि लगेच रेकॉर्डिंग! टिंग. टिंग. टिंग. झालं. त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. रेकॉर्डच्या पाकिटावर नाव नाही. बाबा परत फळी ठोकायला लागले.

आणि तो टिंग आजवर आमच्यापैकी कुणालाही ऐकू आलेला नाही. रेडिओवर नाही, कॅसेटवर नाही, टीव्हीवर नाही, मोबाइलवर तर नाहीच नाही. आई होती तोवर म्हणायची, "हो हो, वाजवलंत हो तुम्ही." लहान मुलाला औषध पाजताना काढतात ना, त्या सुरात.

ते सगळं ठीक. पण गेल्या महिन्यात दादाकडे जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाही. मिरचीने शाळेत छाती फुगवून सांगितलं होतं, आजोबांचा टिंग आहे म्हणून. तिथे मुलांनी टिंगल केली. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, खरंच तुम्ही वाजवलं होतं ना?" दादा खो खो हसत सुटला. "अग, आम्ही लहानपणापासून शोधतोय तो टिंग! सापडला की मलाही सांग!" सगळे हसले. एरवी बाबांनी चमचा उचलला असता, कपावर वाजवून दाखवलं असतं, दादाला झापलं असतं. त्या दिवशी काय म्हणाले?

"असेल ग. मलाच उगाच वाटत असेल. वय झालं आता."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. हरला ना माणूस! स्वतःच्याच गोष्टीवरचा विश्वास उडाला त्यांचा.

तेवीस तारखेला बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. दादा येणार आहे. तोवर माझ्या गाडीत टिंग वाजलाच पाहिजे. दादासमोर. बस्स! लिहून ठेवलं, आता माघार नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

स्टिरिओवाल्याकडे गेले होते. दुकान एवढंसं आणि आवाज एवढा! माणूस बोलतो कमी, ओरडतो जास्त.

"मॅडम, बास किती पाहिजे? डिक्कीत असा डबा टाकतो की सिग्नलला शेजारची गाडी हलली पाहिजे!"

म्हटलं, मला शेजारच्याची गाडी हलवायची नाहीये. मला टिंग पाहिजे.

"काय पाहिजे?"

"टिंग!"

आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग बिचाऱ्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, बारीक आवाजाला वेगळा बारीक स्पीकर लागतो, ट्विटर म्हणतात. मी म्हटलं, तो आहे की माझ्या गाडीत, आरशाजवळ छोटी जाळी आहे दोन्ही बाजूंना. तो हसला. गाडीपाशी आला, पट्टीने टक्कन ती जाळी उचकटली. आत काय असावं? काही नाही! नुसतं भोक! कंपनीने शोभेची जाळी लावलीय! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. आणि दारातला स्पीकर काढून दाखवला तर तो कागदाचा, चहाच्या कपापेक्षा हलका.

सामान ठरवलं. नवा स्टिरिओ, पुढे चांगले स्पीकर, ट्विटर वेगळे, मागे अजून दोन. सगळं छान चाललं होतं. आणि मग हा म्हणतो, "फिटिंगला गाडी सोडा आणि मिस्टरांना पाठवा मॅडम, त्यांना सगळं समजावून सांगतो."

मिस्टरांना! माझे मिस्टर बल्ब बदलायचा असला की स्टूल धरायला मला बोलावतात, आणि मग स्टूल तेच धरतात!

म्हटलं, खोकी द्या इकडे. मीच बसवणार. गेली पंधरा-सोळा वर्षं दातांच्या लॅबमध्ये माणसांच्या कवळ्या बनवतेय. दात केसभर इकडचा तिकडे झाला तर माणसाला घास चावता येत नाही. मला चार वायरी जोडता येणार नाहीत?

येतील ना? येतील.

रविवार, ९ नोव्हेंबर

दार उघडलं! म्हणजे गाडीचं नव्हे — दाराचं आतलं कव्हर! लॅबमधली मेण कापायची सुरी आणि वाकड्या टोकाची पकड घरी आणली होती, कसली उपयोगी पडली! दोन क्लिपा तुटल्या. तिसरी उडून कुठे गेली ते तिलाच ठाऊक. नवरा बॅटरी धरून क्रिकेटची कॉमेंटरी केल्यासारखा बडबडत होता. "आणि हा आणखी एक स्क्रू सीटखाली... प्रेक्षक हळहळले..." त्याला दोनदा बॅटरीसकट हाकलला.

मग अडलंच. नवा स्पीकर जुन्या भोकात बसेना. खोल जास्त, आतली काच खाली आली की त्याच्यावर आपटणार. मी रडकुंडीला. बाबा स्टूल टाकून शेजारी बसले होते. ते उठले, वाकून भोक बघितलं, अंगठा लावून मापलं.

"लाकडी कडं टाकू या मध्ये. बोटभर जाडीचं. स्पीकर तेवढा बाहेर येईल."

आणि काढली की हत्यारांची पेटी बाहेर! पलंगाखालची! किती महिन्यांनी! प्लायवर गोल आखला, बारीक करवतीने कापला, पॉलिश पेपरने असा घासला की गालाला लावला तरी ओरखडा उठणार नाही. मी म्हटलं, बाबा, आत जाणार आहे ते, कुणाला दिसणार नाही. तर म्हणाले, "मला दिसलंय ना."

कडं घासताना शीळ घालत होते. तेच गाणं! ओळ संपली की थांबायचे, एक क्षण, आणि पुढे. मी वायरी सोलण्यात गुंग असल्यासारखं दाखवलं आणि मान वर केली नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एका कवळीत दाढ उलटी बसवली. साहेबांनी विचारलं, "बाई, लक्ष कुठे आहे तुमचं?" म्हटलं, दारात. गाडीच्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दाराच्या पत्र्याला आतून काळे चिकट जाड पट्टे लावले, पत्रा थरथरू नये म्हणून. हात काळे, नाक काळं, कपाळ काळं. पण दार! आधी लावलं की डबा आपटल्यासारखं ठण्ण वाजायचं. आता धप्प! अहाहा. काय तो धप्प! मी उगाचच उघडत होते, लावत होते, उघडत होते, लावत होते. शेजारची काकू गॅलरीतून बघून शेवटी म्हणाली, "काही भांडण झालंय का ग?"

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुढचं सगळं जोडून झालं! जुना स्टिरिओ काढला, त्या जागी नवा, दारात बाबांच्या कड्यांवर नवे स्पीकर, आणि त्या खोट्या जाळ्यांच्या मागे खरे ट्विटर! सगळ्यांना गाडीत कोंबलं.  गाणं लावलं.

आई ग!

बाई कपाटातून बाहेर आल्या! समोर काचेपाशी उभ्या राहून गायला लागल्या! ओठ मिटल्याचं कळतंय, श्वास घेतल्याचं कळतंय, व्हायोलिन एकेक वेगळं कळतंय! अंगावर काटा आला. हे गाणं मी हजारदा ऐकलंय आणि आज पहिल्यांदा ऐकलं.

नवरा म्हणाला, "भारी आहे, पण कानाला चावतंय जरा." मिरची म्हणाली, "टोचतंय, पण छान टोचतंय." बाबांकडे वळले. त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं.

"छान आहे," बाबा म्हणाले. "पण पहिल्यासारखंच आहे ग."

पहिल्यासारखंच? पहिल्यासारखंच! माझी बोटं सोलली, नखं तुटली, आणि पहिल्यासारखंच! असं काही डोकं फिरलं की म्हटलं, बाबा, तुम्ही आता काही बोलूच नका. तर खरंच बोलले नाहीत.

आणि टिंग? कडव्यातली ओळ संपली, सगळ्यांनी श्वास रोखले. "आला!" मिरची किंचाळली. "आला, आला! टिक टिक टिक!" तो इंडिकेटर होता. मी चुकून चालू ठेवला होता.

नाही आला टिंग. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. बाईंचा आवाजच एवढा भरलेला आहे, त्यात मागून कोरस, त्याच्या खाली कुठे काही असेल तर गाडलं गेलंय. चहा घेतला आणि जरा पडले.

मागचे दोन स्पीकर राहिलेत. तेवढीच आशा.

रविवार, १६ नोव्हेंबर

मागचे बसवले. वायरींचं जंगल नुसतं! प्रत्येक स्पीकरला दोन वायरी, एक साधी, एक पट्ट्यापट्ट्यांची. पण मी पद्धतशीर काम केलं. लॅबसारखं! साध्या एकीकडे, पट्टेवाल्या एकीकडे, मग जोड्या लावल्या, प्रत्येक जोड चिकटपट्टीने गुंडाळला, सगळ्या एका प्लगमध्ये नेऊन स्टिरिओच्या पाठीमागे खोचल्या. इतकं नीटनेटकं की फोटो काढून ठेवला. बाबांनीही बघून मान डोलावली.

मागून आवाज येतोय का म्हणून कान लावला. येतोय. बाकीचं उद्या, पाठ मोडून आलीय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मिरचीला शाळेत सोडायला निघाले, ती मागे. गाणं चालू. म्हणते, "आई, मागे बाई गातच नाहीयेत." म्हटलं, गप ग, काहीतरीच. "खरंच आई, माझ्या स्पीकरमध्ये नुसतं वाजतंय, गात कुणीच नाही."

बिघडलं म्हणजे! कुठेतरी वायर सुटली असणार. एवढा फोटो काढला त्याचा! दिवसभर चिडचिड. उद्या सगळं उकलून परत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

टिंग!!!

टिंग टिंग टिंग टिंग!

थांबा, नीट लिहिते.

झालं असं. कामावरून येऊन गाडीतच मागच्या सीटवर बसले, नेमकं काय बिघडलंय ते ऐकायला. स्टिरिओत आवाज पुढे-मागे सरकवायची सोय आहे. सगळा आवाज मागे सरकवला, पुढचे स्पीकर गप्प. मिरची खरं बोलत होती! बाई नाहीत! म्हणजे साफ नाहीत, कुणी उचलून नेल्यासारख्या. त्यांच्या आवाजाची नुसती घुमणी उरलीय, लांब विहिरीतून यावी तशी. कोरस अर्धा, कडेची व्हायोलिनं मात्र लख्ख. मी म्हटलं, लागली वाट, नवीन स्पीकर गेले.

आणि कडव्यातली पहिली ओळ संपली. आणि त्या रिकाम्या जागेत...

टिंग.

थेंब पडल्यासारखा!

मी किंचाळले. खरंच किंचाळले, काकू परत गॅलरीत आली. दुसरी ओळ, टिंग! तिसरी, टिंग! अगदी बाबा म्हणतात तिथेच, अगदी बाबा म्हणतात तसाच! धावत वर गेले, पीठ मळत असलेल्या नवऱ्याला तसाच ओढून खाली आणला. त्याने ऐकलं. डोळे एवढाले झाले. म्हणाला, "अग, म्हणजे म्हातारा खरं बोलत होता!" मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं. स्टिअरिंगवर पीठ लागलं ते अजून पुसलेलं नाही.

बाबा फिरायला गेले होते. ठरलं — त्यांना आत्ता सांगायचं नाही. तेवीसला. दादाच्या शेजारी बसवून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

स्टिरिओवाल्याला फोन केला. वायरी कशा जोडल्या ते सांगितलं, फोटो पाठवला. तो आधी हसला, बराच वेळ हसला.

"मॅडम, एका स्पीकरला एक साधी आणि एक पट्टेवाली द्यायची असते! तुम्ही एकाला दोन्ही साध्या दिल्या, दुसऱ्याला दोन्ही पट्टेवाल्या!"

मग गंभीर होऊन समजावलं. अशी जोडणी केली की डाव्या-उजव्या आवाजात जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, आणि जे वेगळं आहे तेवढंच उरतं. गाणारा माणूस नेहमी मधोमध असतो, दोन्हीकडे सारखा, म्हणून बाई गेल्या. ट्रँगलवाला कडेला उभा होता, फक्त एका बाजूला. म्हणून तो राहिला.

बाबा कडेलाच उभे होते! फळीपाशी!

आणि माझी चूक कशी झाली तेही आता कळलं. लॅबमध्ये आम्ही वरचे दात एका ट्रेमध्ये, खालचे एका ट्रेमध्ये लावतो, मिसळायचे नाहीत. तीच सवय! साध्याला साधी, पट्टेवालीला पट्टेवाली. दुसरं कुणीही असतं तर बरोबर जोडलं असतं आणि टिंग जन्मात सापडला नसता.

"आणा गाडी, दुरुस्त करून देतो," तो म्हणाला.

म्हटलं, हात तर लावून बघा!

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या.  मिरचीला गुपित सांगितलं ही माझी घोडचूक, दिवसभर आजोबांकडे बघून खुदूखुदू हसतेय. बाबांनी विचारलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का?

रविवार, २३ नोव्हेंबर

कुठून सुरू करू!

दादा सकाळी आला, एकटाच. वहिनीला सुट्टी नाही मिळाली. केक कापला. मग मी म्हटलं, चला, नव्या गाडीत चक्कर मारू. नवरा पुढे माझ्या शेजारी, मागे एका बाजूला बाबा, एका बाजूला दादा, मधे मिरची. तळ्याच्या कडेला झाडाखाली गाडी लावली, काचा वर, इंजिन बंद. सगळा आवाज मागे सरकवला. गाणं लावलं.

"अग, बाई कुठे गेल्या?" दादा म्हणाला. "हेच का तुझं भारी फिटिंग?"

"दादा, तोंड बंद ठेव आणि कान उघडे."

मी मागे वळून बसले होते, मला तिघांचे चेहरे दिसत होते. बाबा मान तिरकी करून बसलेले, डोळे मिटलेले. कडवं सुरू झालं. ओळ संपत आली, आणि टिंगच्या केसभर आधी बाबांचं उजव्या हाताचं बोट मांडीवरून वर उचललं गेलं.

टिंग.

दादाचं हसू तसंच अर्धवट राहिलं. दुसरी ओळ, बोट वर, टिंग. तिसरी, बोट वर, टिंग. मिरचीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. गाणं संपलं. 

"परत लाव," दादा म्हणाला.

परत लावलं. या वेळी दादा गाण्याकडे नाही, बाबांच्या बोटाकडे बघत होता. संपल्यावर त्याने ते बोटच धरलं. माझा दादा! जो वाढदिवसालासुद्धा लांबूनच हात करतो! म्हणाला, "पण बाबा, एवढ्या हळू का हो वाजवलंत? जरा जोरात वाजवला असतात तर आम्ही तुम्हाला एवढी वर्षं छळलं नसतं."

"साहेबांनीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "थेंब पडल्यासारखा."

मग जो हशा झाला! गाडी हलत होती, स्टिरिओवाल्याच्या डब्याशिवाय! दादाने वहिनीला फोन लावून मोबाइल मागच्या स्पीकरला चिकटवून धरला. तिला काही ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, "हो हो, आला." बाबांना म्हटलं, ऐकलंत ना? म्हणाले, "ऐकलं ना. असाच होता." डोळे भरून आले होते त्यांचे.

घरी आल्यावर बाबांनी पहिल्यापासून गोष्ट सांगितली. पटाशी, फळी, पोट बिघडलेला वादक, सगळं. कपावर चमचा वाजवून! आणि दादाने सगळी ऐकून घेतली, मधे एक शब्द न बोलता.

आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. लग्नातही नाही. (नवऱ्याने वाचू नये.)

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आता बाबा पुढे बसतच नाहीत. दार उघडून थेट मागे! मी नुसती ड्रायव्हर. आवाज थोडा पुढे, थोडा मागे असा बेताचा जमवलाय. बाई पुढून गातात आणि बाबा मागून वाजवतात. काल शेजारच्या काकूला ऐकवलं, आज दूधवाल्याला. दूधवाला पोचेपर्यंत दूध नासणार बहुतेक.

मिरचीने वर्गात सांगितलं. मुलं गाडी बघायला येणार आहेत!

रविवार, ३० नोव्हेंबर

बाबांना चष्म्याच्या दुकानात घेऊन चालले होते. बाबा मागे, नेहमीसारखे. गाणं लावलं. पहिली ओळ संपली, टिंग नाही. दुसरी संपली, नाही. मागून काही आवाजच येत नव्हता. सिग्नलला डॅशबोर्डखाली हात घातला तर मागच्या स्पीकरचा प्लग निघून लोंबत होता. म्हटलं सांगावं, बाबा थांबा, जोडते. तोंड उघडलं आणि आरशात बघितलं.

बाईंनी श्वास घेतला. बाबांचं बोट वर गेलं. पुढची ओळ संपली. परत वर. एक जागा चुकली नाही.

पट्ट्याची ती टीं टीं. "पहिल्यासारखंच आहे ग." सगळं एकदम आठवलं. म्हणजे बारीक आवाज बाबांना ऐकूच येत नाहीत, तेवीसलाही आला नसणार.

"आज तर जास्तच स्वच्छ येतोय, नाही का ग?" बाबा म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "आज फारच स्वच्छ."